पाच वर्षांच्या मुलीला बीपीची गोळी कशाला?

डॉक्टर, नमस्कार.

आम्ही मुंबईत राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत सासरी गेलो होतो, रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीवर. रात्री नऊच्या सुमारास माळ्यावरच्या गोधड्या खाली काढल्या आणि माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या पायाला विंचू चावला. लालसर होता, बोटाएवढाही नव्हता. ती खूप रडली. मी दवाखान्यात जाऊ म्हटलं, पण मोठे दीर म्हणाले, वाडीतले आजोबा विंचू उतरवतात, आधी त्यांना बोलावू. आजोबांनी मंत्र म्हणत पाय वरून खाली चोळला. पाऊण तासात तिचं रडणं थांबलं आणि सगळे म्हणाले, उतरला. नंतर तिला दोनदा उलटी झाली, फ्रॉक घामाने भिजला, हात-पाय गार पडले. तरी साडेअकरापर्यंत आम्ही घरीच होतो. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, अर्धी गोळी पाण्यात विरघळवून पाजली, तीन तासांनी पुन्हा अर्धी दिली आणि शिरेतून विंचवाची लस दिली. दोन दिवसांनी घरी सोडलं.

आमच्या एका नातेवाइकांचं मेडिकलचं दुकान आहे. कागदावरचं गोळीचं नाव वाचून ते म्हणाले, ही तर म्हाताऱ्या माणसांची बीपीची गोळी, एवढ्याशा मुलीला कशी दिली? त्यावरून घरात भांडण झालं. ही गोळी बरोबर होती का? तिच्या हृदयावर पुढे काही परिणाम होईल का? गोळी घरी आणून ठेवावी का? लस आयुष्यात एकदाच घेता येते म्हणतात, ते खरं आहे का? आणि त्या अडीच तासांचं मी काय करू? घरचे म्हणतात, लवकर नेलं असतं तरी वेगळं काही झालं नसतं. मला अजून रात्री झोप लागत नाही.

एक आई

प्रिय ताई,

गोळी बरोबर होती. तीन तासांनी दुसरी दिली, तेही बरोबर होतं. ज्या डॉक्टरांनी रात्री बारा वाजता हे केलं, त्यांना काय करायचं ते नीट माहीत होतं. भांडणातला हा भाग तरी आज मिटू दे.

तुमच्या नातेवाइकांना शंका आली यात गैर काही नाही. पाकिटावरचं नाव वाचून ती कुणालाही येईल. प्राझोसिन हे रक्तदाबाचंच औषध आहे. मग विंचू चावलेल्या मुलीला ते का द्यायचं, हे समजून घ्यायचं तर विंचवाचं विष अंगात नेमकं काय करतं ते पाहावं लागेल.

आपण म्हणतो, विष अंगात भिनलं. पण लाल विंचवाचं विष काही नागाच्या किंवा घोणसाच्या विषासारखं नसतं. ते मांस कुजवत नाही. ते मज्जातंतूंवर सोडियमची जी बारीक दारं असतात ती उघडी धरून ठेवतं. दार मिटलं नाही की मज्जातंतू थांबत नाही, संदेश पाठवतच राहतो. मग शरीरात ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन यांचा पूर येतो. ही आपल्याच शरीरातली रसायनं आहेत. घाबरलो, धावलो की ती थोडी सुटतात आणि ओसरतात. इथे ती ओसरत नाहीत. सगळ्या बारीक रक्तवाहिन्या आवळून बसतात. तुमच्या मुलीचे हात-पाय गार पडले ते यामुळे.

शेतावरची मोटार पूर्ण जोरात चालू आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह कुणीतरी जवळजवळ बंद केलाय, असं समजा. मोटार तापते आणि पाणी मागे तुंबतं. हृदय ही ती मोटार, आणि तिच्या मागे फुप्फुसं. तुंबलेलं पाणी फुप्फुसांत उतरतं. मूल धापा टाकतं, खोकला येतो, कधी तोंडाशी गुलाबीसर फेस येतो. विंचवाने मुलं दगावायची ती बहुतेक या पाण्याने.

प्राझोसिन तो व्हॉल्व्ह उघडतं. म्हाताऱ्या माणसाच्या बीपीतही ते हेच करतं, आवळलेली रक्तवाहिनी सैल करतं. औषध तेच आहे, फक्त इथे रक्तवाहिनी आवळली ती विंचवाने.

तुमचं सासर रायगड जिल्ह्यात आहे म्हणून मुद्दाम सांगते. हा उपाय तुमच्याच जिल्ह्याने जगाला दिला. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली माणसं, त्यांत पुष्कळ मुलं, फुप्फुसात पाणी होऊन त्यांच्यासमोर जात होती. तेव्हाच्या पुस्तकांत यावर फारसं काही नव्हतं. त्यांनी रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसून काय आधी होतं, काय नंतर होतं, ते टिपून ठेवलं. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लिहिलं की उलट्या, दरदरून घाम, गार हात-पाय ही येणाऱ्या संकटाची पूर्वसूचना असते. रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी आधी त्यांनी शिरेतून थेंबथेंब द्यायचं सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. पण ते देताना सतत रक्तदाब मोजत बसावं लागतं, आणि खेड्यातल्या दवाखान्यात ते कोण करणार? मग त्यांनी तेच काम तोंडावाटे करणारी स्वस्त गोळी घेतली. १९८६ साली तीही ‘लॅन्सेट’मध्ये आली. पश्चिम भारतातल्या १९६१ ते १९८३ या काळातल्या नोंदींमध्ये या दंशाच्या गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के फुप्फुसातल्या पाण्याने दगावत. प्राझोसिन सुरू झाल्यावर बावस्करांच्या नोंदींत हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या मुलीला मिळालेल्या अर्ध्या गोळीमागे एवढं सगळं आहे, हे त्या नातेवाइकांना जरूर सांगा. वाचून त्यांनाही बरं वाटेल.

आता अर्ध्या गोळीचं. मोठ्यांचं औषध निम्मं केलं की मुलांचं होतं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. मुलांचं तातडीचं जवळजवळ प्रत्येक औषध वजनावर ठरतं. प्राझोसिनची मात्रा दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. मुलगी १६ किलोची असेल तर ४८० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या साध्या गोळीची अर्धी. तिची अर्धी गोळी तिच्या वजनातून आली. ८ किलोच्या बाळाला पावच लागली असती. हात-पाय गरम होईपर्यंत ही मात्रा दर तीन तासांनी देतात. मूल ओकत असेल तर नाकातून नळी घालून देतात. उलट्या आणि घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, तेही तोंडाने किंवा सलाईनने बेताने भरून काढावं लागतं, कारण शरीर कोरडं असताना रक्तवाहिन्या एकदम सैल केल्या तर रक्तदाब धाडकन उतरतो.

पहिल्या गोळीनंतर तुम्हाला मुलीला उचलू दिलं नसेल, निजवूनच ठेवायला सांगितलं असेल. कारण हेच. पहिल्या मात्रेनंतर मूल उठून बसलं किंवा कडेवर घेतलं तर रक्तदाब पटकन खाली जाऊन भोवळ येते, क्वचित त्याहून वाईट होतं. रडणाऱ्या लेकराला उचलून न घेणं आईला किती जड जातं, हे मी पाहिलंय. तिच्या शेजारी आडवं व्हायचं, डोक्यावरून हात फिरवायचा, पाणी चमच्याने निजल्या निजल्या पाजायचं. एवढंच आईच्या हातात असतं, आणि त्या वेळी ते फार मोलाचं असतं.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असंच आहे. गोळी घरी आणून ठेवू नका. गाव दूर आहे, रस्ता खराब आहे, रात्री गाडी मिळत नाही, हे मला माहीत आहे. तरीही नको. विंचू चावलेल्या बहुतेक मुलांना फक्त वेदना होतात. विष अंगात पसरलेलंच नसतं. त्यांना या गोळीची गरज नसते आणि ही गोळी वेदनेवर काहीच करत नाही. वेदनेने कळवळणाऱ्या मुलाला घाबरून कुणी ती दिली, वर त्याला कडेवर घेऊन दुचाकीवर बसवलं, तर आपणच नवं संकट उभं केलं. आणखी एक. दुकानात या औषधाच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात, अडीच आणि पाच मिलिग्रॅमच्या. त्या मोठ्यांच्या रोजच्या रक्तदाबासाठी असतात. त्या अर्ध्या करून किंवा कुटून मुलांना द्यायच्या नसतात. पाकीट हातात घेतल्यावर घाईत हा फरक किती जणांच्या लक्षात येईल?

घरी ठेवायची गोष्ट वेगळी आहे: मुलीचं वजन. ते लसीकरणाच्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहा आणि दर तीन-चार महिन्यांनी खोडून नवं लिहा. रात्री दवाखान्यात वजनकाटा मोठ्यांचा असतो, मूल उभं राहत नाही, मग आम्ही अंदाज करतो. वयात ४ मिळवून दुप्पट करायची असं एक जुनं सूत्र आहे. पाच वर्षांच्या मुलासाठी ते १८ किलो सांगतं, पण आपल्याकडची पुष्कळ मुलं त्याहून हलकी असतात. आईने ‘सोळा किलो, मागच्या महिन्यात मोजलंय’ असं सांगितलं की आमचा अंदाज संपतो.

हेच तापाच्या आणि वेदनेच्या पॅरासिटामॉलचंही. विंचवाच्या वेदनेवर घरी द्यायचं ते हेच एक औषध, दर किलोला १५ मिलिग्रॅम. १६ किलोच्या मुलीला २४० मिलिग्रॅम. पण बाटली कोणती? ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ५ मिलीला थोडं कमी. ५ मिलीत १२० चं असेल तर १० मिली. आणि धाकट्यासाठी आणलेले थेंब, १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे, चुकून ५ मिली पाजले तर दुपटीहून जास्त औषध पोटात गेलं. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, एवढी सवय लावून घ्या.

आता लसीचं, कारण तिचा हिशेब बरोबर उलटा आहे आणि त्यावरूनही घराघरांत वाद होतात. ‘एवढ्याशा मुलीला मोठ्या माणसाएवढी लस दिली!’ हो, देतात. गोळी मुलीच्या शरीरावर काम करते, म्हणून तिची मात्रा मुलीच्या वजनावर. लस विषावर काम करते. विंचवाने नांगी मारताना वजन पाहिलेलं नसतं. जेवढं विष बाप्याला टोचलं असतं, तेवढंच चिमुरडीला. ते बांधून टाकायला लसही तेवढीच लागते. लहान शरीरात तेवढंच विष म्हणजे ते जास्त दाट. लहान मुलांना विंचू जास्त बाधतो तो यासाठीच.

ही लस मुंबईची हाफकिन संस्था तयार करते, घोड्याच्या रक्तातून. ती सापाच्या लसीपेक्षा वेगळी आहे, सापाची लस विंचवाला चालत नाही. रक्तात मोकळं फिरणारं विष ती पकडते. जे विष मज्जातंतूला जाऊन चिकटलं, त्याच्यावर तिचा फारसा जोर चालत नाही. म्हणून ती जितकी लवकर तितकी चांगली, आणि म्हणूनच लस दिली तरी गोळी लागतेच. दोन्ही एकत्र दिल्याने काय फरक पडतो, हे महाडमध्येच ७० रुग्णांवर तपासून पाहिलं गेलं. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ते छापून आलं. नुसत्या प्राझोसिनवर बरं व्हायला सरासरी जवळजवळ १८ तास लागले, लस आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्यांना ८ तास.

लस आयुष्यात एकदाच घेता येते, हे खरं नाही. पुन्हा गरज पडली तर पुन्हा देता येते. फक्त घोड्याच्या रक्तातली प्रथिनं शरीराने एकदा पाहिलेली असल्यामुळे ॲलर्जीची शक्यता लक्षात ठेवून, औषधं हाताशी ठेवून ती द्यायची असते. तेवढ्यासाठी डिस्चार्जचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा, आणि कुठल्याही दवाखान्यात ‘हिला एकदा विंचवाची लस दिली आहे’ हे आपणहून सांगा.

हृदयाबद्दल काळजी करणं साहजिक आहे. या विषाने हृदयाचा स्नायू काही काळ थकतो, पण मुलांमध्ये तो बहुधा काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, पूर्ववत होतो. गोळीमुळे तर मागे काहीच राहत नाही, तिचा असर काही तासांचा. तुम्हाला पुन्हा तपासणीला बोलावलं असेल आणि राहून गेलं असेल, तर मुंबईतल्या तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे तो कागद घेऊन एकदा जा, हृदयाची सोनोग्राफी करायची का ते त्यांना ठरवू द्या. ती नेहमीसारखी पळत-खेळत असेल, दम लागत नसेल, तर तिला ‘हृदयाची पेशंट’ करून घरात बसवू नका.

आणि ते अडीच तास.

घरचे म्हणतात, लवकर नेलं असतं तरी वेगळं काही झालं नसतं. ताई, मी तुम्हाला हे म्हणणार नाही. तुमचा त्यावर विश्वास बसत नाहीये, म्हणूनच तुम्हाला झोप येत नाही. फरक पडला असता. पहिली उलटी आणि घाम आला तेव्हाच गोळी मिळाली असती, तर कदाचित ऑक्सिजन लागला नसता. अडीच तासांनीही ती वाचली, कारण तुम्ही शेवटी नेलंत, आणि तिथे जाणतं माणूस आणि औषध दोन्ही होतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक खरी मानली म्हणून दुसरी खोटी होत नाही.

पण ज्या क्षणी तुम्ही फसलात, तिथे तुमच्याहून जास्त शिकलेले लोकही फसले आहेत. मीही. शिकाऊ डॉक्टर असताना रात्रपाळीला विंचू चावलेला चार वर्षांचा मुलगा आला होता. आकांत मांडला होता त्याने. मी जागेवर भूल दिली, थोड्या वेळाने तो गप्प झाला आणि मी निर्धास्तपणे पलीकडच्या खाटेकडे वळले. आमच्या वॉर्डातल्या वयस्क सिस्टरने जाता जाता सवयीने त्याच्या पायाला हात लावला. ‘मॅडम, पाय गार आहे याचा.’ चादर काढली तर गंजी चिंब. त्याचं दुखणं कमी झालं होतं हे खरं, पण तो गप्प झाला होता तो विष चढत असल्यामुळे. सिस्टरचा हात त्या दिवशी तिथे गेला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करते.

तेव्हापासून मी प्रत्येक आईला सांगते, विंचू चावल्यावर कानावर भरवसा ठेवू नका, हातावर ठेवा. मूल किती रडतंय यावरून काही ठरवू नका. ज्याला फक्त वेदना आहे ते मूल ठणाणा करतं, पण त्याचे पाय गरम असतात. ज्याला विष चढतंय, त्याला जागेवर दुखणं कमी असू शकतं. ते मलूल होतं, ओकतं, घामाने निथळतं, त्याच्या तोंडाला लाळ सुटते आणि पायाच्या बोटांपासून गारवा वर सरकत येतो. आणखी एक पाहिलंय आम्ही. मूल बरं होऊ लागलं, हात-पाय गरम झाले, की दंशाच्या जागी वेदना पुन्हा जागी होते आणि ते पुन्हा रडू लागतं. आई घाबरते. आम्ही मात्र ते रडणं ऐकून सुस्कारा टाकतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत पहाटे असं झालं होतं का? आठवून पाहा.

यावरून वाडीतल्या आजोबांचं गणितही कळेल. विंचवांचे बहुतेक दंश वेदनेपलीकडे काही करत नाहीत आणि ती वेदना काही तासांत आपोआप उतरते. मोठा काळा विंचू, ज्याला आपण इंगळी म्हणतो, दिसायला भयंकर असतो पण त्याचं विष त्या लहान लाल विंचवापेक्षा पुष्कळ सौम्य असतं. त्यामुळे आजोबांनी उतरवलेले दहातले बरेचसे विंचू न उतरवताही उतरले असते. ते खोटारडे नाहीत. त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं, त्यावर त्यांचा विश्वास आहे. लाल विंचू चावलेलं मूल मात्र त्या हिशेबात बसत नाही, आणि ते कोणतं हे चावल्या क्षणी कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. म्हणून लहान मूल असेल तर लक्षणं असोत-नसोत, निघायचंच, आणि दवाखान्यात रात्रभर तरी देखरेखीखाली ठेवायचं. लक्षणं काही वेळा चार-सहा तासांनीही सुरू होतात.

निघताना जास्त काही करू नका. चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, तंबाखू-चुना-रॉकेल लावू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून जागेवर धरा, पॅरासिटामॉल द्या, मुलाला निजवून न्या. १०८ ला फोन करा, आणि गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. वाटेत कुणी ‘ॲलर्जीचं इंजेक्शन आणि स्टेरॉइड देतो, बरं वाटेल’ म्हणालं तर थांबू नका. या विषावर त्यांचा उपयोग नाही, फक्त वेळ जातो. ॲट्रोपिनचं इंजेक्शन तर आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवतं. फोनवर आधी एकच विचारा: प्राझोसिनच्या साध्या गोळ्या आणि विंचवाची लस आहे का? खरं तर हे मे महिन्यात गावी पोचल्या दिवशीच विचारून ठेवायला हवं. दिरांना सांगा, ग्रामसभेत उठून विचारायला. सगळ्या वाडीच्या पोरांसाठी आहे ते.

कोकणात एप्रिल ते जून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, भातकापणीच्या सुमाराला, विंचू जास्त निघतात. वर्षभर माळ्यावर पडलेल्या गोधड्या रात्री काढू नका. दिवसाउजेडी अंगणात नेऊन झटका, उन्हात टाका. खाट भिंतीपासून हातभर लांब, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, चपला झटकून पायात. गडग्यावर, पेंढ्यात, लाकडाच्या ढिगात मुलांनी हात घालायचा नाही. जांभळ्या उजेडाची टॉर्च मिळते, अतिनील किरणांची. अंधारात तिचा झोत पडला की विंचू हिरवट चमकतो. झोपण्याआधी एकदा खोलीभर फिरवली की मुलांनाही मजा वाटते आणि आपल्यालाही झोप लागते.

राहिले दीर. त्यांच्याशी भांडू नका. त्यांनाही ती रात्र विसरता आली नसेल, फक्त ते बोलत नसतील. पुढच्या खेपेला गावी गेलात की त्यांना बरोबर घेऊन आजोबांकडे जा. नमस्कार करा, मुलगी दाखवा, बरी आहे म्हणून सांगा. मग त्यांचा हात हातात घेऊन तुमच्या मुलीच्या पायावर ठेवा आणि म्हणा, आजोबा, लेकराचा पाय असा गरम असेल तर तुम्ही मंत्र म्हणा, आम्ही गाडी काढतो. गार लागला तर मंत्र गाडीत बसून म्हणा. आमच्या तालुक्यात असेच एक गृहस्थ होते, मी त्यांच्या पडवीत बसून एवढंच बोलले होते. पुढच्या वैशाखात रात्री अकरा वाजता त्यांच्या नातवाचा फोन आला. ‘डॉक्टरीणबाई, आजा म्हणतो पोराचे पाय गार हायेत. आम्ही निघालो.’